अँड्रॉइडमधला कर्सर: बंद कधी करायचा, आणि मोठ्या यादीत तो का अडखळतो

प्रश्न थोडक्यात असा: नोंदी साठवणारं एक अँड्रॉइड ॲप आहे, एसक्यूलाइट (फोनवरच एका फाइलमध्ये चालणारा डेटाबेस) थेट वापरलेलं आहे. ॲप सुरुवातीला नीट चालतं, पण तासाभराच्या वापरानंतर ‘कर्सर विंडो ॲलोकेशन फेल्ड’ असा एरर देऊन क्रॅश होतं. शिवाय ४० हजार नोंदींची यादी स्क्रोल करताना मध्येच अडकते. कर्सर (क्वेरीच्या निकालातल्या ओळी एकेक करून वाचायचं साधन) प्रत्येक वेळी बंद करावा की डेटाबेसच बंद करावा, म्हणजे सगळं आपोआप सुटेल?

कर्सर प्रत्येक वेळी बंद करा. डेटाबेस उघडाच ठेवा. क्रॅश आणि अडखळणं या तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे: कर्सरच्या पोटात असलेली ‘कर्सर विंडो’. ती काय आहे हे नीट कळलं की यातले बहुतेक एरर पाठ करावे लागत नाहीत, त्यांचं कारण आपलं आपल्याला दिसतं.

क्वेरी चालवली की सगळ्या ओळी कर्सरमध्ये येऊन बसतात, असा बहुतेकांचा समज असतो. तसं होत नाही. ‘क्वेरी’ किंवा ‘रॉ-क्वेरी’ ही मेथड कॉल केल्यावर फक्त स्टेटमेंट तयार होतं, एकही ओळ वाचली जात नाही. तुम्ही पहिल्यांदा ‘गेट-काउंट’, ‘मूव्ह-टू-फर्स्ट’ किंवा ‘मूव्ह-टू-नेक्स्ट’ म्हणता तेव्हा खरं काम सुरू होतं. त्या क्षणी नेटिव्ह मेमरीचा एक तुकडा घेतला जातो, सध्याच्या अँड्रॉइडवर साधारणपणे जास्तीत जास्त २ एमबीचा, आणि त्यात मावतील तेवढ्या ओळी भरल्या जातात. हीच ती विंडो. ती जावाच्या हीपमध्ये (जावाच्या ऑब्जेक्टसाठीच्या मेमरीत) नसल्यामुळे गार्बेज कलेक्टरला (वापरात नसलेली मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या यंत्रणेला) तिचं खरं वजन दिसत नाही. कर्सरचा जावा ऑब्जेक्ट अगदी छोटा, म्हणून कलेक्टरला तो उचलायची घाई नसते, आणि त्याला टांगलेली ती मेमरी मात्र अडकून राहते. असे शंभर-दीडशे कर्सर उघडे राहिले की पुढची विंडो मागताना मेमरी मिळत नाही. तासाभरानंतर येणारा तुमचा क्रॅश तो हाच. जुन्या अँड्रॉइडवर त्या एररमध्येच उघड्या कर्सरांची संख्या छापलेली असते. ती आधी बघा. आकडा मोठा असेल तर मेमरी कमी पडली म्हणून हार्डवेअरला दोष देण्यात अर्थ नाही, गळती तुमच्या कोडमध्ये आहे.

दुसऱ्या ॲपच्या कंटेंट प्रोव्हायडरकडून (स्वतःचा डेटा इतर ॲप्सना देणाऱ्या भागाकडून) आलेल्या कर्सरमध्ये (संपर्क, फोटो, कॅलेंडर) आणखी एक खर्च असतो. ती विंडो दोन प्रोसेसमध्ये वाटून घेतलेली मेमरी असते आणि तिच्यासाठी फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलला सिस्टिमने दिलेला क्रमांक) खर्च होतो. डिस्क्रिप्टर मोजकेच असतात. ते संपले की ‘टू मेनी ओपन फाइल्स’ असा एरर येतो, आणि तो कर्सरच्या ओळीवर न येता कुठेतरी फोटो उघडताना किंवा नेटवर्क कॉल करताना येतो. त्यामुळे लोक भलतीकडेच शोधत बसतात.

बंद करण्याचा नियम मी एकच सांगेन आणि त्याला अपवाद करू नका: ज्या फंक्शनने कर्सर उघडला, त्याच फंक्शनने तो बंद करायचा, आणि कर्सर त्या फंक्शनच्या बाहेर पाठवायचा नाही. ओळी वाचा, त्यांचे साधे ऑब्जेक्ट बनवा, लिस्ट परत द्या. कॉटलिनमध्ये ‘यूझ’ ब्लॉक वापरा, जावामध्ये ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’. शेवटच्या ओळीला हाताने ‘क्लोज’ लिहिणं पुरेसं नाही. मध्ये एखादं ‘रिटर्न’ असतं, किंवा तारीख पार्स करताना एक्सेप्शन येतं, आणि ‘क्लोज’पर्यंत कोड पोहोचतच नाही. गळती बहुतेक वेळा अशाच वाटेने होते: नेहमीच्या मार्गावर सगळं बरोबर, आणि रिकाम्या निकालाच्या किंवा चुकीच्या डेटाच्या मार्गावर कर्सर उघडा. ‘जर मूव्ह-टू-फर्स्ट खरं असेल तर वाचा आणि बंद करा’ असं लिहिलेला कोड तपासा. निकालात एकही ओळ नसली तरी कर्सर उघडलेला असतो आणि तोही बंद करावाच लागतो.

‘यूझ’ वापरूनही दोन ठिकाणी फसगत होते. पहिलं, ब्लॉकच्या आतून कर्सरच परत देणं. ब्लॉक संपताच तो बंद होतो आणि घेणाऱ्याच्या हातात मेलेला कर्सर पडतो. दुसरं जास्त फसवं आहे. ब्लॉकच्या आत सीक्वेन्स बनवून ‘मॅप’ लावायचा आणि तो सीक्वेन्स परत द्यायचा. सीक्वेन्स आळशी असतो, कुणी मागेपर्यंत काहीच वाचत नाही. बाहेर कुणीतरी त्यावर लूप फिरवतं तेव्हा कर्सर आधीच बंद झालेला असतो आणि ‘अटेम्प्ट टू री-ओपन ॲन ऑलरेडी-क्लोज्ड ऑब्जेक्ट’ असा एरर दिसतो. ब्लॉकच्या आतच ‘टू-लिस्ट’ करा, प्रश्न मिटला.

कंटेंट रिझॉल्व्हरची (कंटेंट प्रोव्हायडरकडे डेटा मागणाऱ्या ऑब्जेक्टची) ‘क्वेरी’ मेथड कर्सरऐवजी ‘नल’ही देऊ शकते, हे विसरू नका. कॉटलिनमध्ये प्रश्नचिन्ह लावून ‘यूझ’ करा.

आता डेटाबेस बंद करण्याबद्दल. प्रत्येक क्वेरीनंतर डेटाबेस बंद केला की सगळं स्वच्छ राहील असं वाटतं, पण त्याने नवीन आणि शोधायला अवघड असा दोष घुसतो. डेटाबेस बंद झाला तरी विंडोत आधीच भरलेल्या ओळी वाचता येतात. म्हणून २०-२५ ओळींच्या चाचणीत सगळं हिरवं दिसतं. वापरकर्त्याकडे हजारो ओळी असतात, तो खाली स्क्रोल करतो, विंडो संपते, पुढच्या ओळी आणायला कर्सर डेटाबेसकडे जातो आणि ‘कनेक्शन पूल हॅज बीन क्लोज्ड’ म्हणून ॲप कोसळतं. शिवाय तोच डेटाबेस दुसऱ्या थ्रेडवर कुणी वापरत असेल तर त्याच्या पायाखालची जमीन तुम्ही काढून घेता. ‘एसक्यूलाइट-ओपन-हेल्पर’चा एकच ऑब्जेक्ट पूर्ण ॲपसाठी ठेवा, तो ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्टवर बांधा, आणि ॲप चालू आहे तोवर बंद करू नका. प्रोसेस संपली की सिस्टिम सगळं मोकळं करते, आणि पूर्ण झालेल्या ट्रान्झॅक्शनचा डेटा त्याने हरवत नाही. प्रत्येक ॲक्टिव्हिटीत वेगळा हेल्पर बनवला की वेगवेगळी कनेक्शन एकमेकांना अडवतात आणि ‘डेटाबेस इज लॉक्ड’ सुरू होतं.

४० हजार नोंदींच्या यादीचं गणित जरा सावकाश करू, कारण अडखळण्याचं कारण त्यातच आहे. एक ओळ सरासरी १ केबीची धरा. २ एमबीच्या विंडोत साधारण २,००० ओळी मावतात. पहिल्यांदा विंडो भरताना कर्सरला एकूण संख्याही हवी असते, म्हणून एसक्यूलाइट सगळ्या ४० हजार ओळींवरून चालत जातं, जरी भरल्या फक्त २,०००च तरी. वापरकर्ता २,००१व्या ओळीवर आला की विंडो रिकामी करून पुन्हा भरली जाते. यासाठी जिथे थांबलो होतो तिथून पुढे जाण्याची सोय नाही. तीच क्वेरी पहिल्या ओळीपासून पुन्हा चालते आणि नको असलेल्या ओळी ओलांडत पुढे येते. त्यात भर म्हणजे मागे स्क्रोल केलं तर उपयोगी पडाव्यात म्हणून विंडोचा सुमारे एक तृतीयांश भाग हव्या असलेल्या ओळीच्या आधीच्या ओळींनी भरला जातो. म्हणजे प्रत्येक वेळी पुढची मजल साधारण १,३०० ओळींचीच. शेवटपर्यंत जाताना विंडो तीसेक वेळा भरते आणि दर वेळी आधीपेक्षा लांबचा पल्ला. ढोबळ हिशोब केला तर ४० हजार ओळी दाखवायला साडेसहा लाखांच्या आसपास ओळी चालाव्या लागतात. क्वेरीत ‘ऑर्डर बाय’ असेल आणि त्या कॉलमवर इंडेक्स (लवकर शोधता यावं म्हणून ठेवलेली क्रमवार सूची) नसेल, तर दर वेळी सगळं सॉर्टिंगही नव्याने. आणि हे सगळं मेन थ्रेडवर (जो पडदा रंगवतो त्याच थ्रेडवर), बोट स्क्रीनवर असताना. अडखळणार नाही तर काय?

अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे एपीआय २८ पासून, एसक्यूलाइट कर्सरवर ‘सेट-फिल-विंडो-फॉरवर्ड-ओन्ली’ अशी सोय आहे. ती चालू केली की तो मागचा एक तृतीयांश भाग भरला जात नाही. एकदाच वरून खाली वाचायचं असेल, म्हणजे एक्सपोर्ट किंवा बॅकअप, तर ती जरूर लावा. पण पहिल्या ओळीपासून पुन्हा चालण्याचं दुखणं तिने जात नाही.

याच पुन्हा चालण्यामुळे आणखी एक गोष्ट होते, जी फार थोड्या जणांच्या लक्षात येते. दोन विंडो भरण्याच्या मध्ये टेबलमध्ये नवीन ओळ आली किंवा एखादी गेली, तर ओळी एक घर सरकतात. मग एखादी नोंद दोनदा दिसते किंवा वाचायची राहूनच जाते. सिंक चालू असताना बॅकअप घेणाऱ्या ॲपमध्ये हे घडलं तर बॅकअपमधून एक नोंद गायब, आणि एरर कुठेच नाही. असं मोठं वाचन एकाच ट्रान्झॅक्शनच्या आत करा, म्हणजे वाचन पूर्ण होईपर्यंत चित्र बदलत नाही.

यादीसाठी खरा उपाय म्हणजे मोठा कर्सर उघडायचाच नाही. ५०-५० ओळी आणा. आणि त्या ‘लिमिट’ व ‘ऑफसेट’ने आणण्याऐवजी शेवटच्या ओळीच्या किमतीवरून आणा, कारण ‘ऑफसेट ३०,०००’ म्हटलं की एसक्यूलाइट तेवढ्या ओळी चालूनच पुढे येतं, म्हणजे तेच दुखणं नव्या कपड्यात. नोंदी वेळेनुसार उतरत्या क्रमाने हव्या असतील तर पुढच्या पानाची क्वेरी अशी:

‘सिलेक्ट आयडी, वेळ, शीर्षक फ्रॉम नोंदी व्हेअर वेळ < ? ऑर (वेळ = ? अँड आयडी < ?) ऑर्डर बाय वेळ डिसेंडिंग, आयडी डिसेंडिंग लिमिट ५०’

पहिली दोन प्रश्नचिन्हं म्हणजे आधीच्या पानाच्या शेवटच्या नोंदीची वेळ, तिसरं तिचा आयडी. आयडी लागतोच. फक्त वेळेवर भागवलं तर एकाच मिलिसेकंदाच्या दोन नोंदींपैकी एक पानांच्या सांध्यात हरवते, आणि सर्व्हरवरून एकगठ्ठा आलेल्या नोंदींना सारखीच वेळ असणं अगदी सहज घडतं. वेळ आणि आयडी या दोन्ही कॉलमवर मिळून एक इंडेक्स करा. ‘(वेळ, आयडी) < (?, ?)’ असं सुटसुटीत लिहायचा मोह होईल, पण ती सोय एसक्यूलाइटच्या ३.१५ आवृत्तीपासून आहे आणि अँड्रॉइड ७ मध्ये ३.९ येतं. अँड्रॉइड ८ च्या खाली ॲप चालवायचं नसेल तरच ते लिहा.

यादीच्या क्वेरीत ‘सिलेक्ट स्टार’ नको. यादीत शीर्षकच दिसणार असेल तर पूर्ण मजकूर विंडोत भरून काय मिळवलं? १ केबीची ओळ १०० बाइटची झाली तर त्याच विंडोत कितीतरी पट जास्त ओळी मावतात.

आता क्वेरीतल्या त्या प्रश्नचिन्हांकडे या, कारण तिथे एक जागा अशी आहे की तिथे दिवसच्या दिवस जातात. ‘रॉ-क्वेरी’ला दिलेली सगळी आर्ग्युमेंट स्ट्रिंग म्हणूनच बांधली जातात. कॉलम ‘इंटिजर’ म्हणून घोषित असेल तर एसक्यूलाइट तुलनेच्या आधी त्या स्ट्रिंगचा आकडा करून घेतं, म्हणून वरची पानांची क्वेरी बरोबर चालते. पण डावीकडे कॉलमऐवजी फंक्शन असेल, समजा ‘व्हेअर लेन्थ(मजकूर) > ?’ आणि आर्ग्युमेंट ‘५’, तर रूपांतर होत नाही. एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला मजकूर. एसक्यूलाइटच्या क्रमवारीत कोणताही आकडा कोणत्याही मजकुरापेक्षा लहानच. त्यामुळे ही अट कधीच खरी होत नाही आणि रिकामा कर्सर हातात येतो, तोही काहीच एरर न देता. तीच क्वेरी संगणकावरच्या टूलमध्ये थेट ५ टाकून चालवली की व्यवस्थित ओळी देते, म्हणून दोष कर्सरचा वाटतो. ‘कास्ट(? ॲज इंटिजर)’ लिहा. तसंच आर्ग्युमेंटमध्ये ‘नल’ दिला तर तिथे सरळ एक्सेप्शन येतं. ‘नल’ तपासायचा असेल तर क्वेरीतच ‘इज नल’ लिहावं लागतं.

कर्सर वाचतानाच्या चुका मात्र ठरलेल्या आहेत आणि पटकन सुटतात. नवा कर्सर पहिल्या ओळीवर नसतो, तिच्या आधी, म्हणजे उणे १ या जागी असतो. म्हणून न हलवता वाचलं की ‘इंडेक्स -१ रिक्वेस्टेड’ असा एरर. लूपसाठी फक्त ‘व्हाइल मूव्ह-टू-नेक्स्ट’ पुरतं. त्याच्या आधी ‘मूव्ह-टू-फर्स्ट’ही लिहिलं तर पहिली ओळ गिळली जाते, एकच नोंद असताना यादी रिकामी दिसते, यावरून हा दोष ओळखा. ‘कुड नॉट रीड रो ०, कॉलम -१’ असं दिसलं तर कर्सर ठीक आहे, कॉलमचं नाव चुकलं आहे: ‘गेट-कॉलम-इंडेक्स’ला नाव सापडलं नाही की तो गुपचूप उणे १ देतो. त्याऐवजी ‘गेट-कॉलम-इंडेक्स-ऑर-थ्रो’ वापरा, तो तिथल्या तिथे नावासकट तक्रार करतो. कॉलमचे हे क्रमांक लूपच्या बाहेर एकदाच काढून ठेवा. जॉइनमध्ये दोन्ही टेबलांना ‘आयडी’ असेल तर ‘ॲज’ लावून वेगळी नावं द्या, नाहीतर भलत्याच टेबलचा आयडी हाती लागतो. आणि ‘गेट-इंट’ रिकाम्या जागेसाठी ० देतो. ० आणि ‘माहीत नाही’ यांत तुमच्या ॲपला फरक पडत असेल तर आधी ‘इज-नल’ विचारा.

एका ओळीचा आकारच विंडोपेक्षा मोठा असेल तर? ‘रो टू बिग टू फिट इनटू कर्सर विंडो’. हे जवळजवळ नेहमी चित्रांमुळे होतं. १.६ एमबीचं चित्र बेस-६४ (बाइट्स साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) करून मजकूर म्हणून ठेवलं की ते चार तृतीयांश पट, म्हणजे २.१ एमबीच्या वर जातं, आणि विंडो आहे २ एमबीची. वाईट गोष्ट ही की लिहिताना काहीच तक्रार होत नाही, कारण लिहिण्याच्या वाटेत विंडो येतच नाही. चित्र सुखरूप साठवलं जातं आणि नंतर वाचता येत नाही. चित्रं फाइलमध्ये ठेवा आणि डेटाबेसमध्ये फक्त फाइलचं नाव. वापरकर्त्यांच्या फोनवर अशा ओळी आधीच गेल्या असतील तर त्या वाचवता येतात, घाबरून टेबल पुसू नका: आधी ‘लेन्थ(चित्र)’ मागा, मग ‘सबस्ट्र(चित्र, १, ५०००००)’, मग ५००००१ पासून पुढचा तुकडा, असं जोडत जा, फाइल लिहा, तिची लांबी पडताळा, आणि मगच ती जागा रिकामी करा. एपीआय २८ पासून मोठ्या आकाराची विंडो बनवता येते, पण रोजच्या वाटेवर तो उपाय नको. प्रत्येक कर्सर तेवढा जड होतो.

थ्रेडबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच सूचित केली आहे, ती उलगडून सांगतो. ‘क्वेरी’ स्वतः काहीच वाचत नाही. त्यामुळे ‘क्वेरी’ बॅकग्राउंड थ्रेडवर करून कर्सर मेन थ्रेडला दिला, तर जड काम मेन थ्रेडवरच होतं, आणि बाहेरून मात्र सगळं बॅकग्राउंडला हलवल्यासारखं दिसतं. जुना ‘कर्सर-लोडर’ म्हणूनच बॅकग्राउंडमध्ये मुद्दाम ‘गेट-काउंट’ मागत असे. ओळींचे ऑब्जेक्ट बनवण्याचं कामही त्याच ‘डिस्पॅचर्स आयओ’च्या (कॉटलिनमधल्या बॅकग्राउंड थ्रेडच्या) ब्लॉकमध्ये उरका.

फक्त संख्या हवी असेल तर ओळी आणून ‘गेट-काउंट’ करू नका. ‘डेटाबेस-यूटिल्स’मधली ‘क्वेरी-नम-एंट्रीज’ किंवा ‘लाँग-फॉर-क्वेरी’ वापरा. कर्सर तुमच्या हातात येतच नाही, म्हणजे बंद करायचा राहण्याचा प्रश्नच नाही. नोंद आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर ‘सिलेक्ट एक्झिस्ट्स’.

जुन्या कोडमध्ये ‘कर्सर-ॲडॅप्टर’ (कर्सरमधल्या ओळी यादीत दाखवणारा क्लास) असेल तर एवढं लक्षात ठेवा: ‘चेंज-कर्सर’ जुना कर्सर स्वतः बंद करतो, ‘स्वॅप-कर्सर’ तो तुमच्या हातात परत देतो आणि बंद करणं तुमच्याकडे राहतं. या दोघांची अदलाबदल झाली की एकीकडे गळती, दुसरीकडे बंद कर्सर वाचल्याचा क्रॅश. ‘स्टार्ट-मॅनेजिंग-कर्सर’ आणि ‘रीक्वेरी’ अँड्रॉइड ३.० पासून कालबाह्य आहेत, लोडर अँड्रॉइड ९ पासून. दिसले तर काढा.

नवीन ॲप असेल तर रूम (एसक्यूलाइटवर बसणारी गूगलची लायब्ररी) वापरा, निःसंकोच. ते कर्सर स्वतः उघडतं, वाचतं, बंद करतं. पण रूमच्या खाली नेहमीचंच अँड्रॉइडचं एसक्यूलाइट असेल तर २ एमबीची मर्यादा तिथेही आहे, आणि ४० हजार ओळींची लिस्ट एकदम मागितली तर रूमही ती एकदमच आणेल. शिवाय ‘फ्लो’ (बदल होईल तसा नवा निकाल पाठवणारा कॉटलिनचा प्रवाह) परत देणारी क्वेरी त्या टेबलमध्ये कुठेही काही बदललं की पूर्ण पुन्हा चालते. मोठ्या यादीला पेजिंग (पानापानाने ओळी आणणं) लागतंच.

आयफोनकडे जाणाऱ्यांसाठी एक फरक. तिथे एसक्यूलाइट थेट वापरलं तर मध्ये विंडो नसते. ‘प्रिपेअर’ केलेलं स्टेटमेंटच तुमचा कर्सर, ‘स्टेप’ दर वेळी एक ओळ देतो, आणि १०० परत आलं म्हणजे ओळ आहे, १०१ म्हणजे संपलं. अँड्रॉइडवर विंडो भरली की स्टेटमेंट मागे रीसेट होतं, त्यामुळे उघडा कर्सर मेमरी खातो पण डेटाबेस अडवत नाही. आयफोनवर अर्धवट सोडलेलं स्टेटमेंट वाचनाचं ट्रान्झॅक्शन धरून ठेवतं. वॉल मोडमध्ये (म्हणजे बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिले जातात तेव्हा) चेकपॉइंट, म्हणजे ते बदल मूळ डेटाबेसमध्ये उतरवण्याचं काम, त्याच्या पुढे जाऊ शकत नाही आणि ती लॉग फाइल फुगत राहते. वाचून झालं की ‘रीसेट’, पुन्हा लागणार नसेल तर ‘फायनलाइझ’. आणि ‘कॉलम-टेक्स्ट’ने दिलेला पॉइंटर पुढच्या ‘स्टेप’पर्यंतच जिवंत असतो, त्यामुळे मजकूर लगेच स्वतःच्या स्ट्रिंगमध्ये उतरवून घ्या.

तुमची सध्याची गळती शोधायला ॲप्लिकेशन क्लासमध्ये, फक्त डीबग बिल्डसाठी, स्ट्रिक्ट-मोडच्या (कोडमधल्या चुका पकडणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीच्या) व्हीएम पॉलिसीत ‘डिटेक्ट-लीक्ड-एसक्यूएल-लाइट-ऑब्जेक्ट्स’ आणि ‘डिटेक्ट-लीक्ड-क्लोजेबल-ऑब्जेक्ट्स’ चालू करा, सोबत ‘पेनल्टी-लॉग’. मग ॲपमधले सगळे पडदे दोन-दोनदा उघडा-बंद करा, रिकाम्या शोधाचे निकालही बघा. एवढ्यावर लॉगमध्ये काही दिसेलच असं नाही, कारण गळती जाहीर होते ती तो ऑब्जेक्ट गार्बेज कलेक्टरने उचलल्यावर. अँड्रॉइड स्टुडिओच्या प्रोफायलरमधून गार्बेज कलेक्टर हाताने चालवा. लॉगमध्ये स्ट्रिक्ट-मोडची गळती कळवणारी ओळ येईल, आणि तिच्याखालच्या स्टॅक ट्रेसमध्ये कर्सर जिथे उघडला ती तुमच्या फाइलची नेमकी ओळ असेल. तिथे ‘यूझ’ लावा, पुन्हा तीच फेरी मारा, आणि लॉग रिकामा येईपर्यंत हे करत राहा.